मंगळवारचे स्क्वॉट, बुधवारची टेकडी

सिंहगड चढण्याचा मला कधीच फारसा त्रास झाला नव्हता. सहा वर्षे पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवर नियमित पळत असल्यामुळे आतकरवाडीच्या वाटेने मी एखाद-दुसऱ्या ठिकाणी पाणी पिण्यापुरती थांबून वर पोहोचत असे, आणि पिठले-भाकरी येईपर्यंत गप्पा मारण्याइतका दमही माझ्याकडे उरलेला असे. घोटाळा झाला तो उतरताना. तीन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रविवारी, निम्मी वाट उतरून झाल्यावर माझ्या मांड्या अशा थरथरू लागल्या की प्रत्येक पावलाला गुडघा आपोआप वाकत होता आणि तो किती वाकेल यावर माझा काहीही ताबा उरला नव्हता. श्वास मात्र अगदी संथ होता. तेवढ्यात गडावर दही विकणाऱ्या एक आजी डोक्यावर रिकाम्या मडक्यांची पाटी घेऊन माझ्या शेजारून झपझप उतरल्या आणि न थांबता म्हणाल्या, "आडवं पाऊल टाक बाई, सरळ उतरू नको." मी आडवे पाऊल टाकत, दगडांना हात लावत, त्यांच्यानंतर जवळजवळ पाऊण तासाने खाली पोहोचले.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन रोखून धरतो. या दुसऱ्या कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून धाप लागत नाही. पण त्या वेळी कामाला लागलेल्या तंतूंवर पडणारा ताण मोठा असतो आणि सवय नसलेल्या स्नायूला त्यातून सूक्ष्म इजा होते. तिचे दुखणे त्याच दिवशी न येता एक-दोन दिवसांनी कळसाला पोहोचते. मंगळवारी मी कार्यालयाचा जिना कठडा धरून, पाठमोरी होऊन उतरले आणि ते ज्यांनी पाहिले त्यांना अजूनही आठवते. माझे हृदय आणि फुप्फुसे सहा वर्षांत चांगली तयार झाली होती. मांड्यांना जड ओझे रोखून धरण्याचा सराव मात्र मी कधी दिलाच नव्हता. तेव्हा मी ४४ वर्षांची होते. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीच्या सुमारास हाडांची घनताही झपाट्याने उतरते हे वाचून माहीत होते, पण रोज सात किलोमीटर पळणाऱ्या बाईचा त्याच्याशी काही संबंध असेल असे वाटले नव्हते.

मग मी सहकारनगरातल्या, एका इमारतीच्या तळघरात असलेल्या जिममध्ये नाव घातले. तिथला प्रशिक्षक साताऱ्याकडचा, पूर्वी कुस्ती खेळलेला, विशीतला मुलगा होता. त्याने पहिल्याच दिवशी सांगितले, "ताई, वजन उचलायचं असेल तर पळणं बंद करा. दोन्ही एकदम होत नाही." मी त्याचे ऐकले. पाच महिन्यांत माझा स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर लोखंडी बार घेऊन खाली बसून उठण्याचा व्यायाम, नुसत्या बारपासून ४५ किलोपर्यंत गेला, स्वयंपाकघरात भरलेला गॅस सिलिंडर मी स्वतः सरकवू लागले आणि मला स्वतःचे फार कौतुक वाटू लागले. पुढे सासूबाईंना घेऊन पर्वतीला गेले तेव्हा ते कौतुक उतरले. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी पूर्वी सकाळी पाच-पाच वेळा चढत-उतरत असे. त्या दिवशी निम्म्या पायऱ्यांवर मी "तुम्ही दमला असाल, जरा थांबू या" असे सासूबाईंना म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की पुढे काही बोलायची सोय राहिली नाही. पळणे थांबले की पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, हृदयाच्या एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि दोन ते चार आठवड्यांत दमसास उतरल्याचे स्पष्ट जाणवू लागते. मी तर पाच महिने थांबले होते.

तेव्हा ठरवले की दोन्ही करायचे. आठवड्याचे सातही दिवस हिशेबाने वाटून टाकले: सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे पळणे, मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी जिम, रविवारी लांब पल्ल्याचे पळणे. कागदावर हे वेळापत्रक फार देखणे दिसत होते. प्रत्यक्षात मंगळवारी संध्याकाळी साडेसातला मी स्क्वॉट करत असे आणि बुधवारी पहाटे पावणेसहाला, म्हणजे जेमतेम दहा तासांनी, तळजाईच्या चढावर जोरात पळण्याच्या सहा फेऱ्या मारत असे. मी व्यवसायाने हिशेबनीस असल्यामुळे सगळे वहीत लिहून ठेवते. त्या वहीतल्या पाच आठवड्यांच्या नोंदी अशा आहेत की स्क्वॉट ४५ वरून ४२.५ आणि मग ४० किलोवर आला. पाच किलोमीटरच्या फेरीला दर किलोमीटरमागे चाळीस सेकंद जास्त लागू लागले. आणि पाचव्या आठवड्यात "डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दाबल्यावर दुखते" अशी नोंद आहे. घरात सर्वांनी याचे खापर वयावर फोडले. मीही फोडले असते, पण नोंदी एकाच वेळी दोन्ही बाजूंनी घसरत होत्या आणि वय काही पाच आठवड्यांत एवढे वाढत नाही.

याच सुमारास मी रॉबर्ट हिक्सन यांच्या प्रयोगाविषयी वाचले. हिक्सन हे स्वतः वजने उचलणारे होते. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन होलोझी या नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत काम करत असताना ते होलोझींबरोबर रोज पळू लागले आणि आपली ताकद व स्नायू उतरत चालल्याचे त्यांच्या लक्षात आले. पुढे त्यांनी त्यावरच प्रयोग बेतला आणि तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. तीन गट होते आणि प्रत्येक गटात सात-आठ जण. एका गटाने दहा आठवडे आठवड्यातून पाच दिवस पायांची जड वजने उचलली, दुसऱ्याने आठवड्यातून सहा दिवस सायकल आणि धावणे असा दमसासाचा कडक व्यायाम केला, आणि तिसऱ्याने हे दोन्ही केले. तिसऱ्या गटाचा दमसास दुसऱ्या गटाइतकाच वाढला. ताकद मात्र सहा-सात आठवडे पहिल्या गटाबरोबर वाढत राहिली, मग थांबली आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात चक्क खाली आली. वजने उचलण्याने पळण्याचे काही बिघडले नाही. पळण्याने ताकदीचे बिघडले. या परिणामाला पुढे इंटरफिअरन्स, म्हणजे व्यत्यय, असे नाव पडले आणि जिममधल्या "दोन्ही एकदम होत नाही" या वाक्याचे मूळ तिथपर्यंत जाते.

पण तो प्रयोग नीट वाचला की आणखी एक गोष्ट दिसते. तिसऱ्या गटातल्या माणसांनी आठवड्याला अकरा सत्रे केली, सगळी पायांवर आणि सगळी जोर लावून. त्यांत एकही हलका दिवस नव्हता. एवढे करूनही सात आठवडे त्यांची ताकद वाढतच होती, याचे मला जास्त आश्चर्य वाटते. माझी सत्रे सातच होती, पण हलके सत्र माझ्याही आठवड्यात एकही नव्हते. शिवाय त्या माणसांना मार्चअखेरीचे ताळेबंद नसावेत.

व्यत्यय नेमका कोठे येतो याचे पेशीच्या पातळीवरचे स्पष्टीकरण पुढच्या पंचवीस वर्षांत पुढे आले. जड वजन उचलल्यावर स्नायूच्या पेशीत एमटॉर नावाची यंत्रणा जागी होते आणि नवी प्रथिने बांधण्याचे काम सुरू करते. दीर्घकाळ किंवा जोरात पळल्यावर पेशीतली ऊर्जा घटते, ती घट एएमपीके नावाचे विकर ओळखते आणि खर्चाची कामे थांबवण्याचा आदेश देते. बांधकाम हे खर्चाचे काम असल्यामुळे एमटॉरही त्यात दाबले जाते. घरात पैशाची चणचण असताना रंगकाम पुढे ढकलतात, तसेच हे आहे. २००५ मध्ये उंदरांच्या बाहेर काढलेल्या स्नायूंना दोन वेगवेगळ्या प्रकारांनी विजेचे उद्दीपन देऊन हा फरक स्वच्छ दाखवला गेला. माणसात मात्र चित्र इतके स्वच्छ नाही. नवख्या माणसाच्या स्नायूत तर कोणत्याही व्यायामाने दोन्ही यंत्रणा थोड्याफार जाग्या होतात. जोरात पळल्यानंतर एएमपीकेची हालचाल काही तासांत ओसरते, तर वजने उचलल्यानंतर एमटॉर त्याहून कितीतरी जास्त काळ, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंत, जागे राहते. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली कामाची माहिती हीच आहे, कारण तिच्यावरून सत्रांचा क्रम लावता येतो.

नंतरच्या अभ्यासांनी व्यत्ययाचा धाक बराच कमी केला आहे. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २०१२ मध्ये झालेल्या विश्लेषणात असे दिसले की व्यत्यय मुख्यतः पळण्याने येतो, सायकलने तितका येत नाही, आणि पळण्याचे दिवस व मिनिटे वाढतील तसा तो वाढतो. पळण्याचा त्रास पायांच्या ताकदीलाच होतो. हात आणि खांद्यांच्या ताकदीला त्याची विशेष झळ लागत नाही. २०२२ मधल्या, ४३ प्रयोगांवर आधारलेल्या विश्लेषणाने तर असे सांगितले की जास्तीत जास्त ताकद आणि स्नायूंचा आकार यांवर एकत्रित व्यायामाचा म्हणण्यासारखा वाईट परिणाम होत नाही; झटक्याची ताकद, म्हणजे उडी मारताना किंवा वेगाने सुटताना लागणारी, तेवढी कमी वाढते, आणि हा फटकाही दोन्ही व्यायाम एकाच सत्रात केले तर जास्त बसतो. उलट दिशेचा फायदा तर निर्विवाद आहे. जड वजने उचलणारा धावपटू त्याच वेगाने पळताना कमी प्राणवायू वापरतो, कारण त्याचे स्नायू आणि स्नायुबंध जमिनीवर पडणाऱ्या पावलाची ऊर्जा जास्त चांगली परत देतात. हा फायदा साधारण २ ते ८ टक्क्यांचा मोजला गेला आहे, आणि अर्धमॅरेथॉन पळणाऱ्याला २ टक्के म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

हे वाचून झाल्यावर मी वही पुन्हा उघडली आणि माझी चूक मला एका ओळीत सापडली. मी एक दिवस वजनांना आणि एक दिवस पळण्याला असा न्याय केला होता, आणि त्यामुळे पायांना आठवड्यात सबंध असा एकही मोकळा दिवस मिळत नव्हता. मंगळवारचे स्क्वॉट बुधवारच्या टेकडीत जात होते आणि बुधवारची टेकडी गुरुवारच्या डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरून बार उचलण्यात. बार आणि बूट यांच्यात भांडण नव्हतेच. दोघांचीही मागणी त्याच मांड्यांकडे आणि रोज होती. तेव्हा मी एक अघोरी वाटणारा बदल केला. कठीण पळणे आणि पायांची जड वजने एकाच दिवशी आणली. मंगळवारी पहाटे चढाच्या फेऱ्या आणि त्याच मंगळवारी संध्याकाळी, बारा-तेरा तासांनी, मध्ये दोन जेवणे आणि कार्यालयातली बैठी दुपार झाल्यावर, स्क्वॉट. बुधवारी काहीही नाही. फार तर जेवणानंतर कोपऱ्यापर्यंत चालणे. प्रशिक्षकाने हे ऐकून डोक्याला हात लावला. पण पहाटेची धाप ओसरलेली असे आणि संध्याकाळी उचललेल्या वजनांना पुढची सबंध रात्र आणि सबंध दिवस मोकळा मिळे. दोन सत्रांत किमान सहा तास असावेत असे अभ्यासक म्हणतात आणि चोवीस मिळाले तर उत्तमच. परंतु नोकरी करणाऱ्या माणसाला प्रत्येक दोन सत्रांत चोवीस तास द्यायचे म्हटले तर आठवडा दहा दिवसांचा करावा लागेल.

एकच वेळ हाताशी असेल तर मी आधी वजने आणि मग पळणे असा क्रम ठेवते. ताज्या पायांनी वजन उचलले तर ताकद जास्त वाढते हे प्रयोगांतही दिसले आहे, आणि शिवाय साधी सुरक्षिततेची बाब आहे: थकलेल्या पायांनी हळू पळता येते, पण थकलेल्या पायांनी खांद्यावर बार घेऊन खाली बसणे धोक्याचे आहे. वॉर्मअपच्या नावाखाली ट्रेडमिलवर अर्धा तास घाम काढून मग बार ठेवलेल्या रॅककडे वळणारी मंडळी मला रोज दिसतात. पाच-सात मिनिटे पुरतात.

याहून अवघड बदल दुसराच होता, आणि तो म्हणजे हळू पळणे. सोमवार आणि गुरुवारचे पळणे मी इतके हळू केले की तळजाईवर माझ्या मागून येणारे ज्येष्ठ नागरिक, काठी टेकत चालणारे सोडून, मला ओलांडून जाऊ लागले. पाचगाव पर्वतीच्या झाडीत सकाळी ओळखीचे लोक फार भेटतात आणि प्रत्येक जण "आज बरं नाही का?" असे विचारतो. हलक्या पळण्याची खूण अशी की पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. एकटी असल्यामुळे मी तेवीसचा पाढा म्हणते: तेवीस एके तेवीस, तेवीस दुणे सेहेचाळीस, तेवीस त्रिक एकोणसत्तर, तेवीस चोक ब्याण्णव. दोन ओळींमध्ये श्वास घ्यावा लागला तर ठीक, ओळीच्या मध्ये घ्यावा लागला तर वेग जास्त. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर नाडीचे कमाल ठोके अंदाजे काढण्यासाठी २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करतात. माझ्या ४७ वर्षांना ते १७५ येतात, आणि हलके पळताना मी १२५ ते १३० च्या वर जाऊ देत नाही. हा निव्वळ अंदाज आहे आणि माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, म्हणून माझा विश्वास पाढ्यावर जास्त आहे. या हळू पळण्याने स्नायूंतील केशवाहिन्या आणि पेशींतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते, आणि मांड्यांकडून फारसे काही मागितले जात नाही. माझ्या आधीच्या वेळापत्रकातले प्रत्येक पळणे मध्यम-जोरात होते: हलके म्हणावे तर पाय थकवणारे आणि कठीण म्हणावे तर वेग न वाढवणारे.

वजनांच्या बाजूलाही असाच एक मधला प्रकार आहे आणि तो जिममध्ये फार लोकप्रिय आहे. हलके डंबेल्स घेऊन न थांबता वीस-वीस रेप (एक रेप म्हणजे एक उचल) मारायचे, मध्ये बर्पी, म्हणजे जमिनीवर आडवे होऊन उडी मारत उठणे, मग दोरीच्या उड्या, मग पुन्हा डंबेल्स. घाम पुष्कळ येतो आणि माणूस खूश होऊन घरी जातो. वेळ अगदीच कमी असलेल्या नवख्या माणसाला त्याचा उपयोग नक्की होतो. परंतु जो आठवड्यातून चार वेळा पळतोच आहे त्याला हा पाचवा दमसासाचा व्यायाम झाला, ताकदीचा नव्हे. ताकदीसाठी वजन जड हवे, रेप थोडे हवेत आणि रेपच्या दोन संचांच्या, म्हणजे सेटच्या, मध्ये दोन-तीन मिनिटे स्वस्थ बसायला हवे. ते बसणे मला सुरुवातीला वेळेचा अपव्यय वाटत असे. आता मी स्क्वॉट, डेडलिफ्ट, खांद्यावरून वर ढकलण्याचा प्रेस आणि बार पोटाकडे ओढण्याचा रो एवढेच चार प्रकार करते, प्रत्येकी पाच रेपचे तीन सेट, आणि प्रत्येक सेटमध्ये दोन रेप हातचे राखून थांबते. अगदी बार अडकेपर्यंत जोर लावण्याची हौस पळणाऱ्या माणसाला परवडत नाही, कारण शेवटच्या त्या दोन रेपचा थकवा पुढचे दोन दिवस पुरतो आणि त्यातून मिळणारी वाढ तुलनेने किरकोळ असते.

यावरून मला आजोबांची तालीम आठवते. ते शुक्रवार पेठेत राहत आणि तरुणपणी तालमीत जात. पहाटे धावणे आणि लाल मातीत लढती, मग खुराक आणि झोप, आणि संध्याकाळी जोर, बैठका व मुद्गल, असा त्यांचा दिनक्रम ते आम्हाला सांगत. आम्हा नातवंडांना त्यातली खुराकाची वर्णने तेवढी आवडत. हेलसिंकीला १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले त्या वेळी तालमीत पेढे वाटल्याची हकिकत ते दर वेळी नव्याने सांगत. आज वाटते की पहाट आणि संध्याकाळ अशी मेहनतीची दोन सत्रे आणि त्यांच्या मध्ये आठ-दहा तासांची विश्रांती, ही रचना एमटॉरचे नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी त्या मंडळींना सरावाने सापडली होती. मात्र पाचशे बैठका म्हणजे आजच्या अर्थाने ताकदीचा व्यायाम नव्हे. त्या चिवटपणाचा व्यायाम आहेत, कारण वजन स्वतःच्या शरीराएवढेच राहते आणि आकडा तेवढा वाढतो. पैलवानाला खरे जड ओझे मिळत असे ते जोडीदाराच्या रूपाने, आणि तेही स्वस्थ न राहणारे. आम्हा घरगुती माणसांना जोडीदार उचलण्याची सोय नसल्याने लोखंडी प्लेटा बऱ्या.

खाण्याकडे मी सर्वांत उशिरा लक्ष दिले आणि खरे तर पहिल्यांदा द्यायला हवे होते. दोन्ही प्रकारचे व्यायाम करणाऱ्याने शरीराच्या दर किलोला साधारण १.६ ग्रॅम प्रथिने दिवसाला घ्यावीत असे म्हणतात. माझे वजन ५८ किलो, म्हणजे ९३ ग्रॅमच्या आसपास. मी आठवडाभर मोजले तर सरासरी ४५ आली. आमच्या घरचे वरण ज्या पातळपणाने केले जाते त्या पातळपणाने एका वाटीत चार-पाच ग्रॅम प्रथिने आली तरी भाग्य. आता सकाळी दोन अंडी, डब्यात मटकीची किंवा हरभऱ्याची घट्ट उसळ आणि दही, संध्याकाळी जिमनंतर ग्लासभर दूध आणि मूठभर शेंगदाणे, रात्री पनीर किंवा दाट वरण असे करून आकडा ऐंशीच्या पुढे जातो आणि मी त्यावर समाधानी आहे. संकष्टी मंगळवारी आली की मात्र पंचाईत होते. साबुदाण्याच्या खिचडीत पिष्ट भरपूर आणि प्रथिने जवळजवळ नाहीत, जी काही असतात ती दाण्याच्या कुटाची. अंगारकीच्या संध्याकाळी चंद्रोदयाआधी स्क्वॉट करून पाहिला आणि चौथ्या रेपला डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या आठवड्यात मी आता सगळे बुधवारवर ढकलते आणि गुरुवार मोकळा सोडते. उपवास सोडला असता का, असे मैत्रिणीने विचारले. तो प्रश्न माझ्या घरात विचारण्यासारखा नाही.

झोपेबद्दल फार लिहीत नाही. सहा तासांच्या खाली गेले की त्या आठवड्यातल्या माझ्या नोंदी वाचवत नाहीत. ढोलताशाच्या सरावाचे दिवस सुरू झाले की आमच्या भागात साडेदहापर्यंत झोपेची आशा नसते. अशा आठवड्यांत आणि मार्चमध्ये मी काय करते ते सांगण्यासारखे आहे, कारण तिथेही हिक्सनच कामाला येतात. याच संशोधकाने १९८० च्या दशकात व्यायाम कमी केल्यावर काय टिकते याचे प्रयोग केले. आठवड्यातले सहा दिवस कमी करून चार किंवा अगदी दोन केले तरी, जोर तोच ठेवल्यास, कमावलेली प्राणवायू वापरण्याची क्षमता पंधरा आठवडे टिकून राहिली. जोर कमी केल्यावर मात्र उतरली. ताकदीचेही तसेच असते: आठवड्यातून एकदा, पण पूर्वीच्याच वजनाने, उचलले तर ती बरेच दिवस हलत नाही. म्हणून गणपतीत आणि वर्षअखेरीला मी दिवस कमी करते आणि वजन तसेच ठेवते. लोक नेमके उलटे करतात; रोज जातात आणि हलके करतात.

सध्याचा आठवडा असा आहे. सोमवारी अर्धा तास हळू पळणे. मंगळवारी पहाटे चढ, संध्याकाळी स्क्वॉट आणि प्रेस. बुधवार मोकळा. गुरुवारी चाळीस मिनिटे हळू. शुक्रवारी संध्याकाळी डेडलिफ्ट आणि रो, दोन्ही माफक. शनिवार मोकळा, कारण रविवारी नव्वद मिनिटे हळू पळायचे असते आणि तिथे जड पाय चालत नाहीत. एकूण पळणे तीन तास दहा-वीस मिनिटे आणि वजनांचे दोन दिवस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे, म्हणजे मी त्या मर्यादेतच आहे. ज्याला शर्यती पळायच्या नाहीत त्याला याच्या निम्म्यातही भागेल आणि त्याला व्यत्ययाचा विचारही करावा लागणार नाही. जून ते सप्टेंबर तळजाईची वाट चिखलाने निसरडी होते तेव्हा मंगळवारची पहाट मी जिममधल्या सायकलवर काढते. कंटाळवाणी असते, पण त्या चार महिन्यांत माझा स्क्वॉट सर्वांत जास्त वाढतो. रक्तदाबाचा त्रास असलेल्या माझ्या दिरांनी हे वेळापत्रक मागितले तेव्हा मी ते दिले नाही. आधी डॉक्टरांना दाखवा आणि वजन उचलताना श्वास कोंडून धरू नका, एवढेच सांगितले.

या बदलानंतर चार महिन्यांत स्क्वॉट ५० किलोवर गेला आणि दहा किलोमीटरची वेळ ६८ मिनिटांवरून ६३ वर आली. नडगीचे दुखणे चढाच्या फेऱ्या सहावरून चार केल्यावर तीन आठवड्यांत गेले. सिंहगड मी त्यानंतर सहा-सात वेळा उतरले आहे, अजूनही आडवे पाऊल टाकत, पण दगडांना हात न लावता. प्रशिक्षकाचे मत बदललेले नाही. तो म्हणतो, पळणे सोडले असते तर एव्हाना साठ झाले असते, आणि हिशेब म्हणून पाहिले तर तो चुकत नाही.

गेले सात आठवडे बार ५० वरच आहे. दोनदा ५२.५ घेऊन पाहिले, दोन्ही वेळा तिसऱ्या रेपला कंबर पुढे गेली. डिसेंबरात अर्धमॅरेथॉन आहे आणि पुढच्या रविवारपासून लांब पळणे दोन तासांवर जाणार आहे, म्हणून काल वहीत शुक्रवारचे डेडलिफ्ट खोडले आणि स्क्वॉटच्या रकान्यात जानेवारीपर्यंत सरळ खाली ५०, ५०, ५० असे लिहून ठेवले.